चोळीची माया
(गर्भारपणातील व अंगावर पाजण्याच्या काळातील स्त्रीवस्त्राचा शब्देतिहास : महाड-पोलादपूर परिसराच्या अनुषंगाने)

१

शिंप्यांच्या बोलीत ‘माया’ असा एक शब्द आहे. कापड बेतताना शिवणीच्या आतील बाजूस जे बोटभर जादा कापड राखून ठेवावयाचे, त्यास ‘माया’ म्हणतात. पुढे अंग भरले म्हणजे शिवण उसवावयाची आणि त्या मायेतून वस्त्र वाढवून घ्यावयाचे, असा त्याचा उपयोग. तत्त्वज्ञानातील माया आणि घरगुती मराठीतील आईची माया या दोन अर्थांच्या शेजारी हा तिसरा अर्थ आपल्या भाषेत सुखाने नांदतो. आणि प्रस्तुत लेखाचा विषय पाहता यांपैकी दुसरा व तिसरा अर्थ एकमेकांपासून फार दूर नाहीत, असे वाचकांच्या लक्षात येईल.

गर्भारपणात आणि मूल अंगावर पीत असता स्त्रीच्या छातीस नीट बसणारे वस्त्र कसे मिळावे, हा तो विषय होय. विद्यापीठीय पत्रिकेत तो काहींना क्षुल्लक, तर काहींना संकोचाचा वाटण्याचा संभव आहे. परंतु पुरुषाच्या पागोट्याचा आणि अंगरख्याचा इतिहास लिहिताना ज्या अभ्यासकास संकोच वाटत नाही, त्यास चोळीचा इतिहास लिहिताना तो का वाटावा, हाही एक ऐतिहासिक प्रश्नच आहे.

विवेचनासाठी महाड व पोलादपूर या दोन तालुक्यांचा परिसर घेतला आहे. १ जानेवारी १९८१ रोजी कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले. त्या जिल्ह्याचा हा दक्षिणेकडील, सह्याद्रीच्या पायथ्याचा भाग. रायगड किल्ला याच महाड तालुक्यात आहे आणि त्याच्या कड्यावर एका पाजणाऱ्या आईच्या नावाचा बुरूज आहे. स्त्रीने कसे नेसावे हा सामाजिक हक्काचा प्रश्न म्हणून १९२७ साली याच महाडास जाहीरपणे बोलला गेला. आणि आज येथील औद्योगिक वसाहतीमुळे कारखान्याच्या घड्याळाची व तान्ह्या मुलाच्या भुकेची गाठ याच परिसरात पडते. एका लहानशा वस्त्राचा इतिहास पाहण्यास इतकी कारणे पुरेशी आहेत.

प्रश्न सुचण्याचे निमित्त मात्र खासगी आहे, आणि ते सांगितल्यावाचून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. प्रस्तुत लेखिकेच्या पहिल्या गर्भारपणी सातव्या महिन्यात डोहाळेजेवण झाले. ओटीत पाच खण आले. परंतु अंगात घालावयाच्या एकाही ब्रेसियरचा हूक लागेना. दुकानात गेल्यावर काउंटरपलीकडून प्रश्न आला, “ताई, साईज काय?” भाषाशास्त्राची पदवी पदरी असूनही या प्रश्नास उत्तर देण्याजोगा शब्द वा आकडा लेखिकेपाशी नव्हता. लग्नापूर्वीचाच आकडा एक पायरी वाढवून सांगितला गेला. प्रसूतीनंतर चौथ्या दिवशी दूध उतरले, त्या वस्त्राची कड काचू लागली, एका बाजूस दुधाची गाठ झाली आणि अंगात ताप भरला. तपासावयास आलेल्या डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला तो औषधाविषयी नव्हे, तर आतल्या कपड्याविषयी. घरात त्या वेळी पाच कोरे खण घडी घालून ठेवलेले होते. इतक्या अगत्याने चोळी देणाऱ्या समाजात चोळीचे माप मात्र कोणी कसे विचारीत नाही, हा प्रश्न तेव्हापासून मनात राहिला.

२

प्रथम शब्दांकडे वळू. छाती झाकणाऱ्या वस्त्रास संस्कृतात जे शब्द आहेत, त्यांत ‘कूर्पासक’, ‘चोल’ व ‘कंचुक’ हे प्रमुख होत. अमरकोशात ‘चोल’ व ‘कूर्पासक’ हे पर्याय म्हणून एकत्र येतात. ‘कूर्पासक’ हा शब्द ‘कूर्पर’ म्हणजे कोपर या शब्दाशी संबद्ध आहे. कोपरापर्यंत बाही असलेले, ते कूर्पासक. अर्थात् वस्त्र छातीचे आणि नाव हाताचे. ‘ऋतुसंहारा’त थंडीच्या वर्णनात हे वस्त्र स्त्रियांच्या अंगावर आहे, आणि ते छातीस घट्ट आवळून बसलेले असावे असाच कवीचा संकेत आहे.

‘कंचुक’ शब्दाची कथा आणखी चमत्कारिक आहे. त्याचा एक अर्थ सापाची कात. दुसरा अर्थ योद्ध्याने घालावयाचा अंगरखा. राजाच्या अंतःपुरावर देखरेख करणारा, लांब अंगरखा घालणारा संस्कृत नाटकातील वृद्ध सेवक तो ‘कंचुकी’. तोच शब्द मराठीत स्त्रीलिंगी झाला आणि स्त्रीच्या चोळीचा वाचक बनला. ‘कंचुलिका’ या रूपावरून आलेला ‘काचोळी’ हा शब्द जुन्या मराठी काव्याच्या वाचकांस परिचित आहे. आज ‘कंचुकी’ हा शब्द बोलण्यातून गेला असला, तरी ज्या ठिकाणी ‘ब्रा’ म्हणणे लेखकास प्रशस्त वाटत नाही त्या ठिकाणी तो अजूनही छापला जातो.

आता पाश्चात्त्य शब्द पाहू. ‘ब्रेसियर’ हा मूळचा फ्रेंच शब्द, आणि त्याच्या मुळाशी ‘ब्रा’ म्हणजे बाहू हा शब्द आहे. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ दंडाचे चिलखत असा होता; पुढे तो अंगड्याचा वाचक झाला, आणि आजही फ्रेंचमध्ये तान्ह्या मुलाच्या अंगड्यास तो शब्द लावतात. इंग्रजीने तो उसना घेतला आणि स्त्रीच्या अंतर्वस्त्रास दिला. खुद्द फ्रेंच स्त्रिया त्या वस्त्रास जे नाव देतात, त्याचा शब्दशः अर्थ ‘गळ्याचा आधार’ असा होतो. म्हणजे कोपरावरून कूर्पासक, दंडावरून ब्रेसियर, गळ्यावरून फ्रेंच नाव! ज्या अवयवासाठी वस्त्र आहे त्याचे नाव टाळून शेजारच्या अवयवाचे नाव घ्यावयाचे, ही रीत एकट्या मराठीची नाही.

मराठीची स्वतःची रीत ‘अंग’ या शब्दात दिसते. आपण ‘मुलाला अंगावर पाजते’ म्हणतो, ‘अंगावरचे दूध’ म्हणतो, ‘मूल अजून अंगावर आहे’ म्हणतो. ‘स्तन’पासून आलेला ‘थान’ हा शब्द मराठीत आहे. परंतु घरातील चार माणसांत तो उच्चारला जात नाही. ‘अंग’ म्हटले की सर्व शरीर आले आणि कोणताही अवयव आला नाही. या शब्दात लाज आहे तशी एक कोवळीकही आहे, हे मान्य केले पाहिजे. मात्र त्याची एक किंमत आहे. जो अवयव नावाने सांगता येत नाही, त्याचे दुखणे नेमके सांगता येत नाही. आणि त्याचे मापही मागता येत नाही.

३

शब्दांनंतर वस्तूचा विचार. महाराष्ट्रातील जुनी चोळी कशी होती? ती खणाची असे. खण म्हणजे चोळीपुरता विणलेला, काठ असलेला कापडाचा तुकडा. त्यास ‘चोळखण’ असेही म्हणत. या खणातून पाठ, दोन बाह्या व पुढील दोन भाग बेतले जात. पुढील भागांची टोके छातीखाली एकमेकांत गुंतवून गाठ मारली की चोळी झाली. बटण नाही, हूक नाही. कुलाबा जिल्ह्याचे १८८३ चे इंग्रजी गॅझेटिअर निरनिराळ्या जातींच्या स्त्रियांचा वेश सांगताना पुनःपुन्हा लुगडे व चोळी ही जोडी नोंदवते, त्यातील चोळी ती ही.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने या चोळीचे तीन गुण ध्यानात घ्यावे लागतात.

पहिला गुण खणाचा. खण दिला जातो तो न शिवलेला. देणारास घेणारीचे माप ठाऊक असण्याची आवश्यकता नसते, आणि विचारण्याचा प्रसंगही येत नाही. खण ज्या दिवशी शिवला जाईल, त्या दिवशीच्या अंगाप्रमाणे तो शिवला जाईल.

दुसरा गुण गाठीचा. गाठ रोज नव्याने मारावयाची असते. आज सैल, उद्या घट्ट, परवा पुन्हा सैल. गर्भार स्त्रीचे अंग महिन्यागणिक बदलते, आणि पाजणारीचे तर एकाच दिवसात बदलते. मूल पिण्यापूर्वी छाती भरलेली व जड असते, प्याल्यानंतर हलकी होते. ज्या वस्त्राचे माप गाठीत आहे, ते या बदलास सहज पुरते. शिवाय गाठ पुढे आहे. मूल रडले की आईचा हात थेट गाठीवर जातो.

तिसरा गुण मायेचा. तो आरंभी सांगितलाच आहे. शिवलेल्या चोळीतही दंडास व बगलेस माया राखली जाई आणि ती उसवून चोळी मोठी केली जाई. बाळंतपण आटोपून अंग पूर्ववत् झाले की पुन्हा टीप घालून लहान करावयाची, हेही ओघानेच आले.

या तीन गुणांवरून जुनी चोळी निर्दोष होती असा निष्कर्ष कोणी काढू नये. गाठ काचत असे. ‘काचणे’ हे मराठीतील क्रियापद अशा वस्त्राच्या त्रासाचे नेमके वर्णन करते. घट्ट बांधल्याने कातडीवर उमटणारा वळ, तो ‘काच’. चोळी छातीवर तंग बसावी हीच सौंदर्याची कल्पना असल्यामुळे ती सैल करण्यास मन होत नसे. छातीचा भार खालून उचलून धरण्याचे काम एकसरळ कापडाकडून फारसे होतही नसे. चोळीची सोय होती ती बदलास वाव देण्याची. आधार देण्याची नव्हे. हा भेद पुढील विवेचनात महत्त्वाचा आहे.

४

वस्त्राच्या या लवचिकपणास रूढीनेही एक क्रम घालून दिला होता. गर्भारपणाच्या पहिल्या महिन्यांत, बहुधा तिसऱ्या महिन्यात, ‘चोरचोळी’ नावाचा एक घरगुती विधी होतो. मोजक्या बायकांच्या उपस्थितीत गर्भार मुलीस साडी व चोळी देतात आणि तिची ओटी भरतात. म्हणून त्यास ‘चोरओटी’ असेही म्हणतात. मराठी समासांत ‘चोर’ हे पूर्वपद गुप्ततेचा अर्थ देते. चोरखिसा, चोरकप्पा, चोरपावले हे शब्द सर्वांच्या वापरातील आहेत; रायगडाच्या तटास ‘चोरदिंडी’ आहे ती याच अर्थाने. बातमी अजून चारचौघांत सांगावयाची नाही, अशा वेळी दिलेली चोळी ती चोरचोळी.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. पोट दिसू लागण्याच्या कितीतरी आधी, पहिल्या काही आठवड्यांतच, गर्भार स्त्रीची छाती जड व हळवी होऊ लागते. ज्या काळात विधीने चोळी द्यावयाची, तो काळ जुनी चोळी प्रथम दाटू लागण्याचाच काळ होय. विधीचे कारण इतकेच होते असे म्हणण्यास आधार नाही. तो मुख्यतः शुभाचा व कौतुकाचा विधी आहे. परंतु अनुभवी बायकांच्या हातून रूढी घडते तेव्हा त्यांचे ज्ञान तीत उतरल्यावाचून राहत नाही, असे मात्र वाटते. पुढे सातव्या महिन्यात डोहाळेजेवण, त्यात पुन्हा खणानारळाची ओटी. आणि प्रसूतीनंतर ‘बाळंतविडा’, ज्यात मुलास झबली, टोपडी, दुपटी आणि बाळंतिणीस लुगडे व खण. अंग बदलण्याचे जे तीन टप्पे, जवळजवळ त्याच तीन टप्प्यांवर नवे, न शिवलेले कापड घरात येत असे.

संस्कृत कवींनीही गर्भिणीच्या या बदलाची नोंद घेतली आहे. ‘रघुवंशा’च्या तिसऱ्या सर्गात सुदक्षिणेच्या गर्भलक्षणांत तिच्या छातीच्या वाढीचे व स्तनाग्रांच्या काळसरपणाचे वर्णन येते. शिवकाळातील ‘शिवभारत’ या काव्यात जिजाबाईंच्या गर्भारपणाचे व डोहाळ्यांचे वर्णन आहे. त्या काव्याचे कर्ते कवींद्र परमानंद यांची समाधी पोलादपुरास आहे. कवींनी लक्षणे पाहिली. वस्त्राची काळजी त्यांनी बायकांवर सोपविली, असे म्हणावयास हरकत नाही.

चोळीचा मान या समाजात मोठा होता. भाऊबीजेस भावाने बहिणीस चोळी द्यावी, माहेराहून आलेल्या चोळीची अपूर्वाई असावी, शिंप्याने ती कशी बेतावी, हे जात्यावरील ओव्यांचे आवडते विषय आहेत. सरदार घराण्यांतील स्त्रियांस खासगी खर्चासाठी जे उत्पन्न नेमून दिले जाई, त्यास ‘चोळीबांगडी’ म्हणत. आणि हिरकणीच्या आख्यायिकेतही चोळी आहेच. गडावर दूध घालावयास गेलेली गवळण, संध्याकाळी दरवाजे बंद झाले, घरी तान्हे मूल उपाशी. ती रात्रीच्या अंधारात कडा उतरून गेली. दुसऱ्या दिवशी शिवाजी महाराजांनी साडीचोळी देऊन तिचा गौरव केला आणि त्या जागी बुरूज बांधला, अशी ती कथा. समकालीन कागदपत्रांचा आधार नसल्यामुळे तिला आख्यायिका म्हणणेच योग्य. परंतु लोकमानसाने या कथेत काय ठेवले आहे ते पाहावे. पान्हा फुटलेल्या आईची व्यथा त्या कथेने ओळखली, आणि तिच्या गौरवासाठी चोळीच निवडली. चोळी येथे सन्मान आहे. ती त्या आईच्या अंगास बसली की नाही, हे कथा विचारीत नाही. आणि खण न शिवलेला असल्यामुळे तसे विचारण्याची आवश्यकताही नव्हती.

५

हा सन्मान सर्वांच्या वाट्यास आला नाही, हे नमूद करणे अवश्य आहे. ज्या जातींत विधवेचे केशवपन होई, त्यांतील सोवळ्या बायकांना चोळी घालण्याची मनाई असे. नवरा गेला त्या दिवशी अंगावर पिणारे मूल मांडीवर असले, तरी रूढीने त्याचा विचार केला नाही. दारिद्र्याचाही तसाच न्याय. महाड-पोलादपूरकडील पुरुष मुंबईस नोकरीधंद्यास जात आणि बायका मागे शेतीभाती सांभाळीत. एक चोळी अंगावर आणि एक वलणीवर, एवढेच कापड असलेल्या घरात आषाढ-श्रावणातील बाळंतपण आले म्हणजे ओली चोळी शेगडीच्या उबेवर वाळवून पुन्हा अंगात घालावी लागे.

जातीचा निर्बंध त्याहून कठोर. महाड येथे मार्च १९२७ मध्ये चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात पुन्हा परिषद भरली. त्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी अस्पृश्य मानलेल्या समाजातील स्त्रियांपुढे स्वतंत्र भाषण केले. लुगडे नेसण्याची विशिष्ट पद्धत आणि अंगावरील कथलाचे व चांदीचे जड दागिने ही अस्पृश्यतेची खूण झाली आहे. ती टाकून द्या, इतर स्त्रिया नेसतात तसे नेसा, असा त्या उपदेशाचा आशय होता, आणि स्त्रियांनी तो लगोलग आचरणात आणला. त्रावणकोरात छाती झाकण्याच्या हक्कासाठी नाडार स्त्रियांना एकोणिसाव्या शतकात दीर्घ झगडा करावा लागला होता आणि १८५९ च्या राजाज्ञेने त्यास अंशतः यश आले होते, हे येथे आठवते. स्त्रीच्या अंगावर काय असावे हे दुसऱ्या कोणी ठरवू नये, हे तत्त्व महाडास उघडपणे बोलले गेले.

पुढील वर्षी, २८ जुलै १९२८ रोजी, डॉ. आंबेडकर यांनी मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकास पाठिंबा दिला. प्रसूतीपूर्वी व नंतर आईस विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, असे त्यांचे म्हणणे होते. मुंबई प्रांताचा तो कायदा १९२९ मध्ये झाला. कामकरी स्त्रीचे गर्भारपण ही घराच्या माजघरातील बाब नसून सार्वजनिक व्यवस्थेची बाब आहे, ही मान्यता यातून आली. वस्त्र आणि विश्रांती हे दोन प्रश्न एकाच माणसाने वर्षाच्या आत मांडले, हा योगायोग असला तरी अर्थपूर्ण आहे.

६

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून शिवणयंत्र आले, आणि गाठीच्या चोळीची जागा क्रमाने पोलके, झंपर व ब्लाउज यांनी घेतली. ‘झंपर’ हा इंग्रजी ‘जंपर’चा मराठी अवतार, ‘ब्लाउज’ हा फ्रेंच शब्द इंग्रजीच्या द्वारे आला. गाठ गेली आणि हूकपट्टी व काजपट्टी आली. तथापि हूक पुढेच राहिले आणि शिवणीत माया राहिली. म्हणून या पहिल्या संक्रमणात पाजणाऱ्या आईचे फार नुकसान झाले नाही. बदलली ती माप घेण्याची रीत. परपुरुष असलेल्या शिंप्याने अंगाचे माप घेणे प्रशस्त वाटत नसल्यामुळे जुना ब्लाउज त्याच्या हाती देण्याची चाल पडली. “वहिनी, मापाचा ब्लाउज आणलात का?” हा प्रश्न आजही महाराष्ट्रातील कोणत्याही बाजारपेठेत ऐकू येतो. माप हे अंगावर नसून कपाटात असते. एरवी हे सोयीचे. परंतु गर्भारपण हा असा काळ आहे की ज्यात मापाचा ब्लाउज खोटे सांगतो.

दुसरे संक्रमण ब्रेसियरचे, आणि ते मूलगामी आहे. अमेरिकेत मेरी फेल्प्स जेकब हिने ३ नोव्हेंबर १९१४ रोजी या वस्त्राचे पेटंट मिळविले. तिची मूळ कृती दोन रेशमी हातरुमाल व फीत यांची होती. ती बांधावयाची असल्यामुळे आपल्या गाठीच्या चोळीहून फार निराळी नव्हती. मापांची पद्धत नंतर आली. १९३२ मध्ये एस. एच. कॅम्प या अमेरिकी कंपनीने छातीच्या आकारास ए, बी, सी, डी ही अक्षरे लावली, आणि त्या दशकात ही अक्षरे इतर उत्पादकांनीही स्वीकारली. तेव्हापासून या वस्त्राचे माप दुहेरी झाले : आकडा पट्ट्याचा, अक्षर वाटीचे. छातीखालचा घेर एक, छातीच्या भरगच्च भागावरील घेर दुसरा. या दोहोंतील फरक इंचाइंचाने वाढेल तसे अक्षर पुढे सरकते. मराठी शिवणकामात ‘कटोरी’ हा शब्द याच वाटीसाठी आहे, आणि कटोरी ब्लाउज शिवणाऱ्या प्रत्येक स्त्रीस तो परिचित आहे.

आता जुन्या चोळीचे तीन गुण या वस्त्राच्या शेजारी ठेवून पाहावेत. खणाप्रमाणे ते न शिवलेले नाही. तयार मिळते, म्हणून विकत घेण्यापूर्वीच माप ठाऊक असावे लागते. गाठीऐवजी हूक आले, आणि ते पाठीवर गेले. मूल रडले असता आईचा हात तेथे पोहोचत नाही. माया तर त्यात मुळीच नाही. जी काय सैलसर होण्याची सोय आहे, ती हुकांच्या दोन-तीन रांगांपुरती. उलटपक्षी, चोळीस जे साधत नव्हते ते याने साधले : भार उचलून धरला, पाठीचा व खांद्याचा ताण हलका केला. एका हाताने मिळाले आणि दुसऱ्या हाताने गेले, असा हा व्यवहार आहे. जे गेले त्याची जाणीव पश्चिमेतही होती. एकोणिसाव्या शतकातच तेथे पाजणाऱ्या आयांसाठी पुढे झडप असलेल्या कॉर्सेटी निघाल्या होत्या. आजच्या पाजावयाच्या ब्रेसियरमधील खांद्याजवळ सुटणारी वाटी ही त्याच कल्पनेची वंशज.

आपल्याकडे वस्त्र आले. परंतु ते निवडण्याचे ज्ञान त्याबरोबर आले नाही. ते ज्ञान फार अवघड आहे असेही नाही. पहिल्या महिन्यांत वाटी लहान पडू लागते, तेव्हा नवे माप घ्यावे. त्या वेळी घेतलेले वस्त्र हुकांच्या सर्वांत आतील, म्हणजे घट्ट, रांगेवर बसणारे असावे. कारण शेवटच्या महिन्यांत बरगड्यांचा घेर वाढतो आणि पुढच्या रांगा कामी येतात. आठव्या-नवव्या महिन्यात पाजण्यासाठी घ्यावयाचे वस्त्र उलट सर्वांत सैल रांगेवर बसणारे असावे, कारण प्रसूतीनंतर तो घेर उतरणार असतो. वाटीत मात्र थोडी जागा ठेवावी; दूध दुसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास उतरते आणि तेव्हा छाती एकाएकी भरते. कापड सुती, खांदपट्टी रुंद, आणि तारेची कड नसलेले. काढल्यावर कातडीवर खोल वळ राहत असेल तर ते माप चुकीचे होय. एकाच जागी सतत दाब पडला तर दूध साकळून गाठ होते. तीतून सूज व ताप, आणि वेदनेमुळे पाजणेच बंद पडण्याचा धोका. पहिले सहा महिने मुलास केवळ आईचे दूध द्यावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्या सल्ल्याच्या आड एक चुकीचा हूक येऊ शकतो, ही गोष्ट लहान नव्हे.

‘माया ठेवणे’ याहून या सर्व सूचनांना अधिक चांगले नाव नाही.

७

महाडच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या स्त्रीपुढे हा प्रश्न अधिक तीव्रतेने उभा राहतो. घरी असलेली बाळंतीण सैल गाऊन घालून दिवस काढू शकते. कारखान्यात वा कार्यालयात आठ तास उभे राहणाऱ्या स्त्रीस ते शक्य नाही. मूल घरी आणि पान्हा येथे, अशी तिची स्थिती असते. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्याने मूल १५ महिन्यांचे होईपर्यंत दिवसातून दोन वेळा पाजण्यासाठी विराम दिला. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी रजा २६ आठवड्यांची केली आणि पन्नास वा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी पाळणाघर आवश्यक ठरविले. या तरतुदी आता सामाजिक सुरक्षा संहितेत समाविष्ट झाल्या आहेत. राज्यातील एस.टी. स्थानकांवर व कार्यालयांत पाजणाऱ्या आयांसाठी ज्या खोल्या राखण्यात आल्या, त्यांना ‘हिरकणी कक्ष’ असे नाव मिळाले. रायगडच्या कड्यावरील नाव असे राज्यभर गेले, ही समाधानाची गोष्ट आहे. कायद्याने वेळ दिली, शासनाने खोली दिली. वस्त्राचा प्रश्न मात्र त्या स्त्रीने एकटीने, दुकानाच्या काउंटरसमोर उभे राहून, खालच्या आवाजात सोडवावयाचा आहे.

या विवेचनाचा इत्यर्थ थोडक्यात असा. जुन्या व्यवस्थेत स्त्रीच्या बदलत्या अंगाचा विचार वस्त्राच्या घडणीतच होता आणि तो रूढीने वेळोवेळी जागवला जाई. म्हणून त्याविषयी बोलण्याची आवश्यकता नव्हती. मौन आणि लवचिक वस्त्र यांची ती जोडी होती. नव्या काळात वस्त्र ताठर झाले, पण मौन तसेच राहिले. हूक पाठीवर गेले, तेव्हाच जीभ मोकळी व्हावयास हवी होती. खण द्यावयाची रीत चांगली आहे आणि ती राहावी. परंतु डोहाळेजेवणास जमलेल्या बायकांपैकी एकीने टेप घेऊन त्या मुलीस आतल्या खोलीत न्यावे, दोन घेर मोजावे आणि आकडा कागदावर लिहून द्यावा, हेही त्या ओटीचेच अंग मानावयास काय हरकत आहे? चोरचोळीचा विधी याच समजुतीचा होता, असे म्हणता येईल.

भाषेच्या अभ्यासकांवरही येथे एक काम येऊन पडते. ‘पाजायची चोळी’ असा साधा शब्द दुकानात वापरता आला, तर पुष्कळ संकोच आपोआप गळून पडेल. काचणे, दाटणे, तंग, ढगळ, अंगासरशी, बेताची, माया, कटोरी, मुंढा, काजपट्टी असे कितीतरी शब्द शिवणाऱ्या व नेसणाऱ्या बायकांच्या तोंडी आहेत. पोलादपूरच्या वाड्यांतून, महाडच्या शिंपीआळीतून आणि वसाहतीतील पाळणाघरांतून ते गोळा करावयास हवेत, आणि ज्या म्हाताऱ्यांनी गाठीची चोळी स्वतः घातली आहे, त्यांच्याकडून प्रथम. त्या पिढीतील फार थोड्या जणी आता उरल्या आहेत.